सळईला खिडकी कुठे माहीत?

“सतरा,” मोडकाका म्हणाले. “तीसपैकी सतरा. आणि सगळ्या वरच्या जबड्यापाशीच. का, सांगा बरं ताई?”

हे ते मला विचारत होते. मी विभागाच्या ऑफिसात टायपिंग करते, फायली सांभाळते. मला घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडत नाही, धातू का तुटतो ते मी काय सांगणार? मी मॅडमच्या प्रवासाच्या अर्जावर सही घ्यायला प्रयोगशाळेत गेले होते. मॅडम जागेवर नव्हत्या आणि काकांना बोलायला कुणीतरी हवं होतं, एवढाच माझा त्या शास्त्राशी संबंध.

मोडकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. विद्यार्थ्यांच्या कुठल्यातरी जुन्या तुकडीने ते ठेवलं आणि असं चिकटलं, की हजेरीपटावरचं खरं नाव वाचताना मलाच क्षणभर प्रश्न पडतो, हे कोण बुवा? नाव ठेवण्यात पोरांचं चुकलं नव्हतं. माणसं जन्मभर काही ना काही जोडत बसतात. या माणसाने एकतीस वर्षं फक्त मोडलं. पोलाद, पितळ, लाकूड, दोरखंड, एकदा तर कुणाच्या संशोधनासाठी कवळीचं प्लास्टिक. आणि घरी काकू सांगतात, यांच्या हातून आजवर एक कप फुटलेला नाही.

त्यांचं यंत्र दोन माणसांच्या उंचीचं आहे. वर एक जबडा, खाली एक. मध्ये सळई धरायची, बटण दाबायचं, की यंत्र तिला दोन्हीकडून ओढायला लागतं. सळई ताणली जाते, कमरेत बारीक होते आणि ठक्क! किती जोर लागला, किती ताणली, हे काका वहीत लिहितात आणि शेवटच्या रकान्यात कुठे तुटली ते: वर, खाली किंवा मधोमध. मधोमध तुटली तर चाचणी खरी. जबड्याला लागून तुटली तर ती मोजायची नाही. ‘वगळली’ म्हणायचं आणि दुसरी लावायची. हा नियम सगळीकडे आहे.

वगळलेले तुकडे बाकीच्या प्रयोगशाळांत भंगारात जातात. काका ते खोक्यात ठेवत, वर तारखेची चिठ्ठी लावून. “ज्यांना कुणी विचारत नाही, त्यांना मी विचारतो,” असं म्हणत. आज त्यांनी असे सतरा तुकडे टेबलावर वर्तमानपत्र पसरून ओळीने मांडले होते. प्रत्येकावर एक लाल ठिपका. ठिपका नेलपॉलिशचा, बाटली काकूंची. रंग लावला तर ओढताना त्याचे पोपडे निघतात, नेलपॉलिश टिकतं, हा काकांचा स्वतःचा शोध. सळई यंत्रात बसवली की ते समोरच्या बाजूने वर एक, खाली एक असे दोन ठिपके देत, म्हणजे तुटल्यावर कुठला तुकडा कुणाचा जोडीदार, हा घोळ व्हायला नको.

“हे भिंग घ्या. ठिपका आपल्याकडे करा. आता तुटलेलं तोंड बघा. आपण कापड फाडताना आधी एक चीर देतो ना, तशी धातूलाही कुठेतरी पहिली चीर पडते. तिथे मळकट, सपाट दिसतं. शेवटी तुटतं तिथे ओठासारखी कड वर येते. बघा, सुरुवात कुठून झालीय?”

“डावीकडून.”

“पुढचा.”

“डावीकडून.”

“पुढचा.”

नवव्या तुकड्याला मी भिंग न लावताच डावीकडे म्हणाले आणि बोलणी खाल्ली. “बघून सांगा! न बघता सांगायला आपल्याकडे प्राध्यापक आहेत.”

बघून सांगितलं. सतराच्या सतरा डावीकडून. म्हणजे यंत्रासमोर उभं राहिलं तर खिडकीच्या बाजूने. खरं सांगते, तोवर मला अर्जावरच्या सहीशी मतलब होता. पण सतरावा तुकडा खाली ठेवला तेव्हा ‘का’ हा प्रश्न माझ्याही मानगुटीवर बसला होता.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्या स्वभावाने घाईच्या, बोलतात त्याच वेगाने चालतात. याच प्रयोगशाळेत शिकल्या. तेव्हा काका त्यांना ‘ए पोरी, चष्मा लाव आधी’ म्हणत. शिकवायला लागल्या त्या दिवसापासून ‘मॅडम’. त्यांनी कितीदा सांगितलं तरी काकांनी पुन्हा ‘पोरी’ म्हटलं नाही. सळया त्यांच्याच होत्या, भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून केलेल्या. नव्या धातूच्या छापील आकड्यांच्या मानाने हा भंगारातला धातू किती टिकतो, हा त्यांचा चार वर्षांचा विषय. उत्तर आलं होतं: एक पंचमांश कमी. तो पेपर एका परिषदेने स्वीकारला होता.

परिषद म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. ‘आदरणीय शास्त्रज्ञ महोदय’ अशी रोज दहा-बारा निमंत्रणं विभागाच्या ईमेलवर येतात. एकदा तर प्रमुख वक्ती म्हणून थेट माझ्याच नावाने आलं होतं. पण ही परिषद तसली नव्हती. तिथल्या परीक्षकांनी मॅडमचा पेपर दोनदा परत पाठवून तिसऱ्यांदा घेतला होता. शिवाय तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी कळवलं होतं, की तुमचं सादरीकरण ऐकू आणि दोन वर्षांच्या संशोधनाच्या जागेबद्दल तिथेच बोलू. मॅडमची मुलगी चार वर्षांची. तिच्या आजीला बोलावून घेतलं होतं, तिकीट झालं होतं. सोमवारी पेपर अंतिम स्वरूपात पाठवायचा. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं.

काकांनी त्यांना तुकडे दाखवले. मॅडमनी एकेक भिंगाखाली घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“काका, हे भारी आहे! म्हणजे ओतताना सळईची एक बाजू आधी थंड होत असणार. तीच कच्ची राहते. मी पेपरात एक परिच्छेदच घालते.”

काका नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, सळई गोल आहे. मी हातात येईल तशी बसवतो. कुठलीही बाजू कुठेही. बसवल्यावर मग ठिपका देतो. सळईला खिडकी कुठे माहीत?”

मॅडमनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“म्हणजे दोष सळईत नाही, ताई,” मॅडम हळू म्हणाल्या. मग एकदम यंत्राकडे वळल्या. “पण काका, गेल्याच महिन्यात तपासणीवाले येऊन गेले. प्रमाणपत्र आहे आपल्याकडे.”

“ते जोर तपासतात. काटा शंभर म्हणतो तेव्हा शंभरच असतात का, एवढंच. सरळ ओढतं का, हे नाही बघत कुणी.”

“तुम्ही बघा ना मग. उद्या सकाळी. होईल ना सोमवारच्या आत?”

“बघतो,” काका म्हणाले.

मी सही घेतली आणि निघाले. रात्री स्वयंपाक करताना माझ्या मनात तेच तुकडे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी लहानपणापासून दुसऱ्यांना ऐकवत आले; अंगण खरंच वाकडं असलं तर काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचं कुलूप उघडून, पर्स टेबलावर टाकून मी सरळ प्रयोगशाळेत गेले. काका माझ्याआधी आलेले. वरच्या जबड्याचं झाकण काढलेलं होतं आणि तिथून एक ओळंबा लोंबत होता, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तसला. तो हलायचा थांबेपर्यंत काकांनी मला दारातच उभं केलं. ओळंब्याचं टोक खालच्या जबड्याच्या बरोबर मध्यावर यायला हवं. ते बाजूला आलं होतं. फार नाही; तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं.

“एवढंसंच?” मी म्हणाले.

“तेवढं पुरतं.”

मग त्यांनी जबड्याच्या खोबणीत चिमटा घातला आणि एक पितळी पट्टी बाहेर काढली. बोटभर लांब, काळवंडलेली. ती पट्टी मला माहीत होती. विभागात सगळ्यांनाच माहीत होती.

अकरा वर्षांपूर्वी वरच्या जबड्याची बैठक झिजली आणि यंत्र बंद पडलं. प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांवर. नव्या भागासाठीचं पत्र मीच टाइप केलं होतं, त्यानंतरची पाच स्मरणपत्रंही मीच. भाग आला नाही, आजतागायत नाही. काकांनी तेव्हा एका जुन्या विभागप्रमुखांच्या दारावरची टाकून दिलेली पितळी पाटी कापली, तिची पट्टी झिजलेल्या बाजूला सारली आणि यंत्र सुरू केलं. पट्टीवर त्या साहेबांच्या पदवीची दोन अक्षरं अजून दिसत होती. परीक्षा वेळेवर झाली. सगळ्यांसमोर काकांचा सत्कार झाला. तेव्हापासून कुठे काही अडलं, की विभागात म्हणतात, ‘मोडकाकांची पट्टी लावा!’ महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणाचा मसुदा सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, माझ्याकडे लिहायला दिला होता. त्यात मी पट्टीवर अख्खा परिच्छेद खर्च केला होता.

“बसवली तेव्हाच ओळंबा लावायला हवा होता,” काका म्हणाले. “पाच मिनिटांचं काम. पण पोरं दाराशी रांग लावून उभी होती. काटा बरोबर दाखवत होता. म्हटलं, परीक्षा झाली की बघू. परीक्षा झाली, टाळ्या झाल्या. मग कुठलं बघणं? दहा हजार तुकडे बघितले मी ताई, आणि माझ्याच हाताखालची पट्टी बघितली नाही. काखेत कळसा न् गावाला वळसा.”

“पण मग इतकी वर्षं कळलं कसं नाही?”

“पोलाद समजूतदार असतं. थोडं वाकडं ओढलं तरी सांभाळून घेतं, स्वतःच वाकतं आणि सरळ होतं. कधीतरी एखादी जबड्यापाशी तुटायची, ती आपण वगळायचो. मॅडमचं हे अ‍ॅल्युमिनियमचं पोरगं हट्टी. वाकडं ओढलंत तर तुटेन म्हणतं. त्याने खरं सांगितलं आणि आपण त्यालाच कच्चं ठरवलं.”

ते स्टुलावर बसले. साठीला आलेला ताठ माणूस, एकदम लहान दिसायला लागला. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चुकीचं बोलते.

“काका, हे आपल्या दोघांतच राहू दे,” मी म्हणाले. “तुमचे बारा दिवस उरलेत. मॅडमची एवढी संधी आहे. परिषद होऊ दे, मग सावकाश सांगा. कोण येतंय ओळंबा लावायला?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. “ती तिथे शंभर जाणत्या माणसांपुढे उभी राहून सांगणार, की भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम कमजोर असतं. ऐकणारे लिहून घेणार. घरी जाऊन कुणीतरी ते वापरायचं बंद करणार. आणि ते कमजोर नाहीच ताई. कमजोर असलं तरी तेवढं नाही. नक्की किती, ते मला माहीत नाही.” मग म्हणाले, “आणि खरं सांगू? मला ते कळून घ्यायचंय.”

दहा वाजता मॅडम आल्या. काकांनी त्यांच्या हातात पट्टी दिली आणि एका दमात सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

मॅडमनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. “काका, सोमवारी पेपर जायचाय,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. “चार वर्षं झाली मला. तीसच्या तीस सळया याच यंत्रावर. तुम्ही मला हे आज सांगताय?”

“मला आजच कळलं.”

“तुम्हाला अकरा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं!”

“हो,” काका म्हणाले. “हवं होतं.”

भांडायला समोर कुणी उरलंच नाही, की राग कुठे न्यायचा? मॅडम निघून गेल्या. त्यांच्या खोलीचं दार आपटल्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. तासाभराने त्या परत प्रयोगशाळेत जाताना दिसल्या आणि फाइलीचं निमित्त करून मीही मागोमाग गेले. मला राहवेना.

“सळया किती उरल्यात?” मॅडमनी विचारलं. डोळे लाल होते.

“सहा.”

“यंत्र सरळ करा.”

काकांनी दोन दिवस जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नाही. खालच्या कार्यशाळेत लेथवर जबड्याची नवी बैठक त्यांनी स्वतः कातली. जे अकरा वर्षं आणि सहा पत्रांनी झालं नव्हतं, ते दोन दिवसांत झालं. ‘तेव्हाच का नाही केलं?’ हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते स्वतःला तेच विचारत असणार हे दिसत होतं, म्हणून गिळलं. दर खेपेला ओळंबा. चारही बाजूंनी. शेवटी टोक मध्यावर येऊन थांबलं, तेव्हा त्यांनी मॅडमना बोलावलं, त्यांना वाकून बघायला लावलं आणि मगच मान हलवली.

शनिवारी दुपारी विभाग रिकामा होता. काका यंत्रापाशी, मॅडम आकड्यांच्या पडद्यापाशी आणि वही माझ्याकडे. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या वहीत लिहिणार होते. काकांनी पहिली सळई बसवली, नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले, फुंकर मारून वाळवले. नेहमीसारखे दोन सेकंद थांबून बटण दाबलं.

सळई ताणली जाऊ लागली. आधी काहीच दिसत नाही. मग कमरेशी किंचित बारीक होते, इतकी हळू की आपल्यालाच भास झाला असं वाटावं. मॅडम पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होत्या. जिथे आधीच्या सळया तुटल्या होत्या तो आकडा आला आणि गेला. मॅडमचा आवाज थांबला. सळई अजून ताणली जात होती.

ठक्क.

“कुठे?” मॅडम ओरडल्या.

काकांनी तुकडे काढले, एकमेकांना लावून पाहिले. “मधोमध. लिहा ताई.”

मी लिहिलं. माझं अक्षर विभागात सगळ्यांत चांगलं समजतात, पण तो शब्द वेडावाकडा आला.

सहापैकी पाच मधोमध. एक खाली तुटली. तिच्यात ओतकामाचा बुडबुडा होता, तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. भंगारातला धातू नव्याच्या जवळजवळ बरोबरीने ताणला गेला होता. एक पंचमांशाचा फरक कुठल्या कुठे गेला होता. मॅडम खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या.

“माझा अख्खा पेपर खोटा ठरला,” त्या म्हणाल्या. “आणि हे त्याच्यापेक्षा किती छान आहे! पण पाच सळयांवर कोण विश्वास ठेवेल? पुन्हा तीस ओतायच्या म्हणजे चार महिने.”

“पोरी,” काका म्हणाले, “माझ्यामुळे झालं हे.”

इतक्या वर्षांनी ते ‘पोरी’ आलं. मॅडमनी डोळे पुसले. माफ केलं असं त्या तेव्हा म्हणाल्या नाहीत, आणि खोटं कशाला सांगू, नंतरही म्हणाल्याचं माझ्या कानावर नाही.

सोमवारी सकाळी सरांनी दोघांना खोलीत बोलावलं. मीही तिथे होते, डाक घेऊन गेले होते. सर वाईट माणूस नाहीत. त्यांना फक्त विभागात वादळ नको असतं. “हे बघा,” ते म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. परिषद होऊन जाऊ दे. पुढच्या पेपरात म्हणा, की अधिक काटेकोर चाचण्यांनंतर असं आढळलं. सगळे असंच करतात.”

“सर, मी तिथे उभी राहिले आणि कुणी प्रश्न विचारला, की जबड्यापाशी इतक्या का तुटल्या, तर?” मॅडम म्हणाल्या. “गेल्या आठवड्यापर्यंत मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.”

पेपर मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी माझ्याच टेबलाशी बसून लिहिलं. चार ओळी. पाठवण्याचं बटण दाबायच्या आधी त्या काकांसारखंच दोन सेकंद थांबल्या. उत्तर संध्याकाळी आलं: कळवल्याबद्दल आभार. मी तिकीट रद्द केलं. मुलीच्या आजीला मॅडमनी स्वतः फोन केला. ती दोन वर्षांची जागा पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, तेही कळलं.

इकडे निरोपसमारंभ जवळ आला. काका माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “भाषणात पट्टीचं लिहिलंय म्हणे तुम्ही. ते काढा.”

“काढलं. पण मग भाषण अर्धंच उरतं, काका.”

“बरंय की. लोकांना चहा लवकर मिळेल.”

मी नवा कागद सरांच्या टेबलावर ठेवला होता. सरांनी खिशातला जुना काढला. सभागृहात सगळा विभाग बसलेला, विद्यार्थी भिंतीला टेकून उभे, पहिल्या रांगेत काकू. सर रंगात येऊन वाचत होते: “आणि मित्रहो, त्या पितळी पट्टीची कथा कोण विसरेल? त्या एका पट्टीमुळे आपलं यंत्र अकरा वर्षं एक दिवसही बंद पडलं नाही!”

टाळ्या सुरू झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते वाक्य माझं होतं.

काका खुर्चीतून उठले. “साहेब, एक मिनिट,” ते म्हणाले. “बंद पडलं असतं तर बरं झालं असतं.”

टाळ्या विरल्या. काकांनी खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली. मग जसं मॅडमना सांगितलं तसंच सगळ्यांना सांगितलं. ओळंबा लावला नाही. अकरा वर्षं यंत्र वाकडं ओढत होतं. चूक माझी. त्यांचा आवाज कापत नव्हता, पण हात मागे बांधलेले होते आणि मी बाजूला बसले होते म्हणून मला दिसलं, की एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. काकू मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या. सरांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

मग मागून, भिंतीला टेकलेल्यांपैकी एका मुलीने हात वर केला. “काका, पण पोलादावर किती फरक पडला असेल? म्हणजे आम्ही गेल्या वर्षी केलेल्या चाचण्या?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मनगटावरचा हात सुटला. “चांगलं विचारलंस,” ते म्हणाले. “फळा आहे का इथे?”

फळा होता. निरोपसमारंभात उत्सवमूर्तीने वीस मिनिटं फळ्यावर आकृत्या काढलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. पोलादाचं किती चुकलं असेल, बिडाचं किती, ठिसूळ वस्तूचं सगळ्यांत जास्त का. मुलं पुढे सरकली. दोन प्राध्यापक आपापसांत वाद घालू लागले. मॅडम आधी दाराशी उभ्या होत्या. मग न राहवून पुढे आल्या, “नाही काका, इथे अर्धा घ्यायचा,” म्हणत त्यांच्या हातातला खडू घेतला. चहा गार झाला. सरांचं भाषण तसंच राहिलं.

निरोपानंतरच्या सोमवारी सकाळी साडेनऊला माझ्या खिडकीशी काका उभे. हातात डबा आणि लाल शाईचं पेन.

“आत जायचंय,” म्हणाले. “जुन्या वह्या काढायच्यात. अकरा वर्षांच्या प्रत्येक चाचणीपुढे लिहायचं, की तेव्हा यंत्र सरळ नव्हतं. सरांना विचारलंय. ते म्हणाले, तुमची हौस. उद्या कुणी जुना आकडा शोधत आलं, तर त्याला कळायला नको?”

“कोण येणार काका ते आकडे शोधत?”

“आला तर?”

मॅडमच्या नव्या सळया ओतायला गेल्या होत्या आणि पुढच्या वर्षीच्या एका परिषदेची सूचना त्यांनी आपल्या टेबलासमोर डकवून ठेवली होती, एवढं मी काकांना सांगितलं. ते ‘हं’ म्हणाले. मग आम्ही दोघंही जरा घुटमळलो, कारण आता त्यांना आत जायला परवानगी लागत होती आणि ती मी द्यायची होती. बाहेरच्यांसाठीची नोंदवही मी पुढे सरकवली. एकतीस वर्षं ज्याच्याकडे किल्ली होती, त्याने नाव लिहिलं, वेळ लिहिली. ‘काम’ या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं: वह्या दुरुस्त करणे.

“किती दिवस लागतील?” मी विचारलं. तोही एक रकाना असतो.

“रोज वीस पानं धरली, तर तीन महिने.”

मी ‘अभ्यागत’ लिहिलेला बिल्ला काढला आणि खिडकीतून हात घालून त्यांच्या खिशाला लावला. माझे डोळे जरा भरले होते, त्यामुळे नीट दिसत नव्हतं. काकांनी मान खाली घालून बिल्ल्याकडे पाहिलं. एका बाजूला कलला होता. त्यांनी पिन काढून तो सरळ लावला, डबा उचलला आणि आत गेले.